साउथ साइडचा टेनर

१९६५ साली अमेरिकेतल्या दुकानांत ‘एंजल आइज’ नावाची एक एलपी विक्रीला आली. सॅक्सोफोनवादक होता शिकागोचा जीन ॲमन्स. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तबकडी नवी होती, पण तिच्यावरचं वादन १९६० आणि १९६२ सालचं होतं आणि वाजवणारा माणूस तीन वर्षांपासून इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात होता. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. तो आत जायच्या आधी करून ठेवलेली ध्वनिमुद्रणं प्रेस्टीज ही कंपनी एकेक करून बाजारात आणत होती, आणि लोक ती घेत होते. सात वर्षं हा माणूस स्टेजवर दिसला नाही, तरी त्याचं नाव पुसलं गेलं नाही. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर सुरुवात शिकागोच्या दक्षिण भागापासून करावी लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून मिसिसिपी, लुइझियाना, अलाबामा इथली कृष्णवर्णीय कुटुंबं कापसाची शेतं आणि वर्णद्वेषाचे कायदे मागे टाकून रेल्वेने उत्तरेकडे निघाली. १९१० साली शिकागोत कृष्णवर्णीयांची वस्ती सुमारे ४४ हजार होती. १९३० साली ती २ लाख ३३ हजारांच्या वर गेली. गोऱ्यांच्या वस्त्यांत घर मिळत नसे, म्हणून ही सगळी माणसं साउथ साइडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने राहत. भाडी अवाच्या सवा. महिनाअखेरीला भाडं भरायला पैसे कमी पडले की घरातच पार्टी ठेवायची, येणाऱ्यांकडून थोडे पैसे घ्यायचे आणि पियानोवाल्याला रात्रभर वाजवायला बसवायचं, अशी तिथली रीत होती. या पार्ट्यांमधून बूगी-वूगी नावाची पियानोची शैली बहरली. डावा हात एकच चाल अखंड घुमवत राहतो आणि उजवा त्यावर खेळतो.

या शैलीतला एक बिनीचा वादक म्हणजे अल्बर्ट ॲमन्स. दिवसा टॅक्सी चालवायची आणि रात्री पियानो वाजवायचा, असे दिवस त्याने काढले होते. १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा एक गाजलेला कार्यक्रम झाला, त्यात तो वाजवायला होता. पुढच्याच महिन्यात, ६ जानेवारी १९३९ रोजी, ब्लू नोट या नव्या कंपनीने आपलं पहिलंवहिलं ध्वनिमुद्रण केलं ते अल्बर्ट ॲमन्स आणि त्याचा जुना मित्र मीड लक्स लुइस या दोघांचं. जीन हा अल्बर्टचा मुलगा. जन्म १४ एप्रिल १९२५, शिकागोचाच. पियानो घरातच असताना त्याने टेनर सॅक्सोफोन उचलला. पण वडिलांच्या डाव्या हाताची ती न थांबणारी लय त्याच्या वादनात शेवटपर्यंत राहिली, असं मला त्याला ऐकताना सतत वाटतं.

शाळा होती ड्यूसेबल हायस्कूल. तिथे संगीत शिकवायला वॉल्टर डायेट नावाचे मास्तर होते. लष्करी बँडमधल्या हुद्द्यामुळे सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. शिस्त कडक. चुकीचा सूर खपवून घेत नसत. दरवर्षी ‘हाय-जिंक्स’ नावाचा मुलांचा मोठा कार्यक्रम बसवत, त्यात वाजवायला मिळणं हा मान असे. जीन ॲमन्स, व्हॉन फ्रीमन, जॉनी ग्रिफिन, एडी हॅरिस हे चार टेनरवाले या एकाच शाळेतून आणि एकाच मास्तरांच्या हाताखालून बाहेर पडले. शाळेत असतानाच ॲमन्स किंग कोलॅक्सच्या बँडबरोबर वाजवू लागला. ग्रिफिनने पुढे सांगितलेली एक आठवण आहे. तो बारा-तेरा वर्षांचा असताना शाळेच्या निरोप समारंभाला कोलॅक्सचा बँड आला होता. त्यात ॲमन्सला पाहिलं आणि आपण टेनरच वाजवायचा हे त्याने त्या क्षणी ठरवलं.

त्या काळात टेनर वाजवायच्या दोन वाटा होत्या. एक कोलमन हॉकिन्सची : भरदार, घनगंभीर सूर, छाती फुगवून केलेलं वादन. दुसरी लेस्टर यंगची : हलका, मोकळा स्वर, तालाच्या किंचित मागे रेंगाळणारा. बहुतेक पोरं एकाची बाजू घेत. ॲमन्सने हॉकिन्सचा आकार घेतला आणि यंगची चाल घेतली. स्वर एवढा रुंद, की त्याने दोन सूर लावले तरी वादक कोण ते कळावं. पण घाई कुठेच नाही.

१९४४ साली गायक बिली एक्स्टाइनने स्वतःचा मोठा बँड उभा केला. डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, आर्ट ब्लेकी, सारा व्हॉन यांच्यासारखी माणसं त्यात येऊन गेली. बीबॉप ही नवी, वेगवान आणि डोक्याला ताण देणारी शैली ज्या मोजक्या जागी घडत होती, त्यातली ही एक. एकोणीस वर्षांचा ॲमन्स तिथे दाखल झाला. त्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘ब्लोइंग द ब्लूज अवे’ मध्ये त्याची डेक्स्टर गॉर्डनशी जुगलबंदी आहे. एक्स्टाइन नाव घेऊन दोघांना पुढे बोलावतो आणि दोन टेनर एकमेकांवर तुटून पडतात. ॲमन्सचं ‘जग’ हे टोपणनावही एक्स्टाइननेच दिलेलं. बँडसाठी गवती टोप्या मागवल्या, त्यातली एकही ॲमन्सच्या डोक्यात बसेना. मग ‘जग-हेड’ म्हणून चिडवणं सुरू झालं आणि तेवढंच नाव जन्मभर टिकलं.

१९४७ साली मर्क्युरी कंपनीसाठी त्याने ‘रेड टॉप’ वाजवलं. त्याच्या नावावरचं हे पहिलं गाजलेलं गाणं. १९४९ मध्ये वुडी हर्मनच्या बँडमध्ये टेनरवाल्या स्टॅन गेट्झची जागा रिकामी झाली, तिथे तो काही महिने वाजवून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस अल्बर्ट ॲमन्स वारला. पाठोपाठ १९५० उजाडलं, आणि हे वर्ष जीनच्या आयुष्यातलं वळण ठरलं.

पोलंडहून आलेले लिओनार्ड आणि फिल चेस हे ज्यू भाऊ साउथ साइडला धंदा करत होते. लिओनार्डचा एक नाइटक्लब होता आणि ॲरिस्टोक्रॅट या छोट्या रेकॉर्ड कंपनीत दोघांचा पैसा गुंतला होता. १९५० मध्ये त्यांनी कंपनीला आपलं आडनाव दिलं. चेस या नावाची पहिली तबकडी निघाली तिला क्रमांक दिला १४२५, तो त्यांच्या कार्लोव्ह अव्हेन्यूवरच्या जुन्या घराचा. तिच्यावर होतं ॲमन्सने वाजवलेलं ‘माय फूलिश हार्ट’. तेव्हाच्या एका हॉलिवूडपटातली ही धीमी प्रेमगीताची चाल. ॲमन्सने तिच्यात बीबॉपची गुंतागुंत आणली नाही. चाल जशी आहे तशी, फक्त प्रत्येक सुराला पुरेसा श्वास देऊन वाजवली. तबकडी धडाक्यात खपली. पुढचा क्रमांक, १४२६, मडी वॉटर्सच्या ‘रोलिंग स्टोन’चा. म्हणजे ब्लू नोटची सुरुवात बापाच्या पियानोने झाली आणि चेसची मुलाच्या टेनरने.

त्याच वर्षी सनी स्टिटबरोबर त्याने दोन टेनरचा बँड काढला. स्टिट मूळचा आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. पण आल्टो हातात घेतला की लोक त्याची चार्ली पार्करशी तुलना करत, म्हणून तो टेनरकडे वळला होता. बोटं विजेसारखी, प्रत्येक वाक्यात सुरांची गर्दी. समोर ॲमन्स, जो तीन सुरांत उत्तर देई. मार्च १९५० मध्ये प्रेस्टीजसाठी केलेल्या ‘ब्लूज अप अँड डाउन’ मध्ये दोघे आधी मोठमोठे तुकडे वाटून घेतात, मग तुकडे लहान होत जातात आणि शेवटी एकाच्या तोंडचं वाक्य दुसरा पुरं करतो. क्लबमध्ये याला टेनरची लढाई म्हणत आणि ती ऐकायला रांगा लागत.

प्रेस्टीजबद्दल थोडं सांगायला हवं. बॉब वाइनस्टॉक या विशीतल्या तरुणाने १९४९ मध्ये ही कंपनी काढली. ब्लू नोटवाले वादकांना तालमीचे पैसे देत. वाइनस्टॉकचा तालमीवर विश्वास नव्हता. वादक जमवायचे, न्यूजर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत न्यायचे, गाणी तिथल्या तिथे ठरवायची आणि एका दुपारात एलपीचा ऐवज गोळा करायचा. यात पुष्कळ सामान्य काम झालं हे खरं. ॲमन्सला मात्र ही पद्धत फार मानवली. ३ जानेवारी १९५८ च्या बैठकीत त्याच्याबरोबर पॉल क्विनिशेट, पेपर ॲडम्स, मॅल वॉल्ड्रन असे खंदे वादक होते, आणि टेनर बाजूला ठेवून आल्टो वाजवत बसला होता जॉन कोल्ट्रेन. एका दिवसात दोन एलपी भरतील एवढं संगीत निघालं.

पण हेरॉइनने तोवर त्याला धरलं होतं. त्या पिढीतल्या कितीतरी वादकांना धरलं होतं. १९५१ आणि १९५६ च्या केंद्रीय कायद्यांनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरवून दिल्या. व्यसनी माणूस आजारी समजावा की गुन्हेगार, या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेने तेव्हा तुरुंगाच्या बाजूने दिलं होतं. १९५८ साली ॲमन्स पहिल्यांदा आत गेला आणि १९६० मध्ये बाहेर आला.

त्या दोन वर्षांत काळ त्याच्या बाजूला झुकला होता. बीबॉप हे मान खाली घालून ऐकायचं संगीत झालं होतं आणि नाचणारे लोक त्यापासून दुरावले होते. तेव्हा काही वादकांनी चर्चमधली गॉस्पेलची भजनं, ब्लूज आणि बीबॉप यांची सांगड घालायला सुरुवात केली. यालाच सोल-जॅझ हे नाव पडलं. जिमी स्मिथने १९५६ पासून हॅमंड ऑर्गनला जॅझमध्ये मान मिळवून दिला, आणि त्यामागे साधं व्यवहाराचं गणितही होतं. ऑर्गनवाला खालच्या पट्ट्या पायाने दाबून बासची बाजू सांभाळतो. म्हणजे ऑर्गन, ड्रम आणि टेनर एवढ्या तिघांत बँड उभा राहतो आणि कोपऱ्यावरच्या लहानशा बारलाही तो परवडतो. दुसरं साधन ज्यूकबॉक्स. सात-आठ मिनिटांचं गाणं दोन भागांत कापून छोट्या तबकडीच्या दोन बाजूंना घालायचं आणि ते पेट्यांमध्ये लावायचं. कामावरून सुटलेला माणूस पेटीत नाणं टाकून ते ऐकायचा. समीक्षक याला हलकं, बाजारी जॅझ म्हणायचे आणि अजूनही काही म्हणतात. मला हा निवाडा मान्य नाही. हे संगीत ज्यांच्यासाठी होतं त्यांच्या वस्तीत ते वाजत होतं, त्यांना परवडत होतं, आणि त्यांचं चर्च आणि त्यांचा ब्लूज त्यात होता.

१६ जून १९६० रोजी ॲमन्स व्हॅन गेल्डरच्या इंगलवूड क्लिफ्स इथल्या नव्या स्टुडिओत उभा राहिला. चर्चसारखं उंच लाकडी छत असलेली ती जागा. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर आर्ट टेलर आणि काँगावर रे बारेटो. एलपीचं नाव ‘बॉस टेनर’. पहिलं गाणं ‘हिटिंग द जग’ हा अगदी संथ ब्लूज. संथ गतीत वाजवणं जलदपेक्षा अवघड, कारण लपायला जागा नसते. ॲमन्स एक वाक्य म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात बारेटोच्या हाताची थाप ऐकू येते. मग पुढचं वाक्य, सुराच्या कडेला किंचित खरखर, आणि शेवटचा सूर सोडताना कंप. ‘कॅनेडियन सनसेट’ ही मुळात गुळचट लोकप्रिय चाल. काँगाच्या डुलत्या तालावर त्याने ती इतकी मोकळी केली, की ती त्याचीच ओळख होऊन बसली. त्याच एलपीवर पार्करचं ‘कन्फर्मेशन’ आहे. बीबॉप येत नाही म्हणून सोपं वाजवतो, असं कुणी म्हणू नये एवढ्यासाठी ते पुरेसं आहे.

१९६१ आणि १९६२ ही दोन वर्षं त्याच्या ध्वनिमुद्रणांची सुगी. जानेवारी १९६१ मध्ये ‘नाइस अँड कूल’ या नुसत्या संथ गाण्यांच्या एलपीचं काम झालं. ऑगस्टमध्ये व्हर्व्ह कंपनीसाठी शिकागोत स्टिटबरोबर ‘बॉस टेनर्स’. तिथे ‘ब्लूज अप अँड डाउन’ पुन्हा वाजवलं, अकरा वर्षांनी. या बैठकीत बासवर बस्टर विल्यम्स नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्याचं हे पहिलंच काम. त्याच आठवड्यात साउथ साइडच्या एका क्लबमध्ये फक्त ऑर्गन आणि ड्रम घेऊन केलेलं वादन टेपवर आलं. नोव्हेंबरात ‘ट्विस्टिंग द जग’, पुढच्या फेब्रुवारीत स्टिट आणि ऑर्गनवाला जॅक मॅकडफ यांच्यासह ‘सोल समिट’, मे महिन्यात ‘प्रीचिंग’, सप्टेंबरात ‘बॅड! बोसा नोव्हा’. या शेवटच्या एलपीमागे बाजाराचा रेटा होता. स्टॅन गेट्झच्या ‘जॅझ सांबा’ने ब्राझीलच्या तालाची लाट आणली होती आणि प्रत्येक कंपनीला बोसा नोव्हा हवा होता. हर्मनच्या बँडमध्ये ज्याच्या खुर्चीवर ॲमन्स बसला, त्याच गेट्झच्या लाटेवर त्याला पुन्हा एकदा यावं लागलं. पण गेट्झच्या झुळकीसारख्या वादनाशी याचा संबंध नाही. ॲमन्सच्या टेनरखाली तो ताल थेट साउथ साइडचा होतो.

या सप्टेंबरनंतर तो पुन्हा पकडला गेला. या वेळी सात वर्षं.

वाइनस्टॉककडे तोवर टेपांचा साठा झाला होता. ‘लेट अवर स्पेशल’ १९६४ मध्ये आली, ‘एंजल आइज’ १९६५ मध्ये, ‘बॉस सोल’ १९६६ मध्ये. यात कंपनीचा फायदा होताच. शेल्फावरचा माल विकायला स्टुडिओचा नवा खर्च लागत नव्हता. पण त्याच व्यवहाराने एका कैद्याचं नाव ज्यूकबॉक्सवर आणि रेडिओवर जिवंत ठेवलं, हेही तितकंच खरं. शिवाय हे वादन शिळं झालं नाही, याचं श्रेय मात्र एकट्या ॲमन्सचं. त्याने कधी वर्षाची फॅशन वाजवली नव्हती. ब्लूज, जुनी प्रेमगीतं आणि तो स्वर एवढंच भांडवल होतं, आणि ते १९६२ चं आहे की १९६६ चं, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नव्हता.

बाहेर मात्र सगळं उलटंपालटं झालं होतं. व्हॅन गेल्डरच्या त्याच खोलीत कोल्ट्रेनने १९६४ मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ ध्वनिमुद्रित केलं, मग सुरांची बंधनं झुगारून दिली आणि १९६७ मध्ये तो वारलाही. मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला, शिकागोच्या पश्चिम भागात दंगली उसळल्या. ड्यूसेबलचाच एडी हॅरिस सॅक्सोफोनला विजेची उपकरणं जोडून वाजवू लागला. ऑगस्ट १९६९ मध्ये माइल्स डेव्हिसने ‘बिचेस ब्रू’चं ध्वनिमुद्रण केलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ॲमन्स सुटला. ‘माय फूलिश हार्ट’ची तबकडी काढणारा लिओनार्ड चेस त्याच महिन्यात गेला, आणि पुढच्या महिन्यात कॅप्टन डायेटही.

१० आणि ११ नोव्हेंबर १९६९ ला तो पुन्हा स्टुडिओत होता. निर्माता बॉब पोर्टर. पहिल्या दिवशी बासवर तोच बस्टर विल्यम्स, आता सत्तावीस वर्षांचा आणि नावाजलेला. दुसऱ्या दिवशी बर्नार्ड पर्डी हा सोल संगीतातला अव्वल ड्रमवाला. या दोन दिवसांतून ‘द बॉस इज बॅक!’ आणि ‘ब्रदर जग!’ या दोन एलपी निघाल्या. दुसऱ्या एलपीतलं ‘जंगल स्ट्रट’ ऐकलं की कळतं, ड्रम बदलला आहे, बासला विजेचा जोर आहे, आणि ॲमन्सचा स्वरही अधिक खडबडीत, अधिक आक्रमक झाला आहे. कार्लोस सांतानाच्या रॉक बँडने १९७१ मध्ये हेच गाणं आपल्या तिसऱ्या अल्बमवर घेतलं. त्यामुळे ज्यांनी ॲमन्सचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो पोरांच्या कानांवर त्याची चाल पडली.

पुढची पाच वर्षं भरगच्च, पण कामाचा कस मात्र सारखा नाही. १९७० च्या जुलैत शिकागोत डेक्स्टर गॉर्डनबरोबर मैफल झाली, एक्स्टाइनच्या दिवसांनंतर पाव शतकाने. स्टिटबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रणं झाली. १९७१ मध्ये वाइनस्टॉकने प्रेस्टीज विकली आणि नंतरच्या काही एलपींमध्ये व्हायोलिनं, गिटारी आणि पॉप गाणी यांच्या गर्दीत ॲमन्सला कोपऱ्यात उभं राहावं लागलं. त्या तबकड्या मी पुन्हा ऐकायला काढत नाही. मार्च १९७४ मध्ये ‘गुडबाय’ या एलपीचं ध्वनिमुद्रण झालं. त्याच वर्षी शिकागोत तो वारला. वय ४९. त्यातली नऊएक वर्षं तुरुंगात गेली होती, आणि तीही वादक म्हणून ऐन भरातली.

त्या वर्षांत त्याने काय वाजवलं असतं, याचे तर्क त्याचे चाहते करत राहतात. त्यापेक्षा मागे राहिलेलं नीट ऐकणं बरं. सुरुवात ‘बॉस टेनर’पासून करावी. मग ‘बॉस टेनर्स’, म्हणजे स्टिटसमोर त्याचा संयम कसा काम करतो ते कळेल. त्यानंतर ‘ब्रदर जग!’. आणि यांच्या जोडीला ‘प्रीचिंग’ जरूर मिळवावी. मे १९६२ ची ही एलपी म्हणजे ऑर्गनच्या साथीने वाजवलेली चर्चची भजनं आहेत. तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, कारण जॅझच्या जाणकारांना तिच्यात पुरेशी करामत सापडत नाही. ॲमन्स तिथे प्रत्येक चाल भाविक बाईने रविवारी म्हणावी तशी सरळ म्हणतो, आणि सोल-जॅझमधला ‘सोल’ कुठून आला ते कुठल्याही लेखापेक्षा त्या चाळीसेक मिनिटांत जास्त स्पष्ट ऐकू येतं.